सुभद्रेची उबुली

गोदाबाई मुळातच भित्री. दोरीला साप म्हणणाऱ्यांतली. पण मूर्तिजापूरच्या त्या कापसाची सरकी काढायच्या जिनात तिचं भित्रेपण बायांच्या फार कामाचं होतं. बाया आत यंत्रात कापूस घालायच्या आणि त्यांची पोरं बाहेर निंबाखाली गोदाबाईच्या नजरेत असायची. उजवा हात अधू झाल्यापासून हेच तिचं काम. त्याबदल्यात बाया तिला घरची भाकर आणून द्यायच्या.

प्रत्येक पोराची भाषा तिला यायची. एकाचं पाणी ‘मंबू’, दुसऱ्याचं ‘टुकी’, बैल सगळ्यांचाच ‘हुंब्या’. ज्याला त्याला ती त्याच्याच शब्दात विचारायची. इंदूबाई तिला छेडायची, “गोदाबाई, तुले आता दुधाचे दात येऊन राहिले वाट्टे.”

याच इंदूबाईची सुभद्रा तीन वर्षांची होती. थंडीत पांघरुणं कुणाकडे होती? गोदाबाई पोरांच्या अंगावर कापूसच पसरायची. त्या उबेला सुभद्रेनं नाव ठेवलं, उबुली. गोदाबाईला शब्द इतका आवडला की तिनं त्याचा खेळच केला. कापसात शिरलं की गप्प पडायचं, कुणी कितीही हाका मारो. गोदाबाईनं ‘उबुली’ म्हटलं तरच ओ द्यायची. गप्प पडलेली पोरं हटकून झोपायची. युक्ती नामी होती.

छप्पन सालच्या धर्मदीक्षेनंतरच्या वर्षाची गोष्ट. एका दुपारी गोदाबाई रडतं पोर उगी करत बसली, आणि मान वर करते तो सुभद्रा नाही. गोदाबाई आधी विहिरीवर धावली. पाणी हलत नव्हतं. मग लहान रेल्वेगाडीच्या रुळांकडे धावली. तिथंही कुणी नव्हतं. एव्हाना इंदूबाई बाहेर आली होती आणि “सुभी, ओ सुभी” म्हणून तिचा आवाज चिरकत चालला होता. “माही पोरगी कुठी हाये, गोदाबाई?” तिनं विचारलं.

तेवढ्यात गोदाबाईला गंजी दिसली. अंगणातला माणसाहून उंच कापसाचा ढीग. त्याला लागून नत्थुजी गाडीवानाची भरली बैलगाडी उभी होती आणि तो वरून कापूस खाली लोटायच्या बेतात होता. गोदाबाईला एकदम सगळं उमगलं, आणि असं भय तिला जन्मात वाटलं नव्हतं. पोरगी आत असेल, हाका ऐकत असेल, आणि आपणच शिकवलं म्हणून गप्प पडली असेल.

“नत्थुजी, नोको लोटू,” एवढं ती कसंबसं बोलली. मग गंजीला तोंड लावून तिनं म्हटलं, “उबुली.”

काहीच आलं नाही. तिनं पुन्हा म्हटलं. अगदी तळातून, झोपेत बुडालेली, बारीकशी ओ आली.

त्या दिवसापासून गोदाबाईनं कुण्या पोरावर कापूस घातला नाही. घरोघर चिंध्या मागून तिनं एका हातानं गोधड्या शिवल्या. आणि जिनात रीतच पडली. गाडी रिकामी करण्याआधी हमाल गंजीपाशी वाकून ‘उबुली’ म्हणायचे.

चौदा वर्षांची सुभद्रा एकदा आईची भाकर घेऊन आली. ती हाक ऐकून तिला हसू फुटलं. “मावशी, हे काय म्हनून राहिले?”

“तुहाच शबद हाये तो.”

सुभद्रेला काही आठवत नव्हतं. ती आणखी विचारणार, तोच गोदाबाईनं तिचं मनगट घट्ट धरलं. हमालाची हाक झाली होती. गंजीतून कुणी ओ देत नाही याची खात्री होईपर्यंत गोदाबाईनं श्वास सोडला नाही, आणि मनगटही.