मागणीचं पत्र

श्रीरामपूरच्या एका मिशन शाळेत मी तेव्हा इंग्रजी शिकवत होते. बहात्तर-त्र्याहत्तर साल असेल. विज्ञानाचे सर माझ्याच वयाचे. मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातली लसणाची चटणी ते हक्कानं उचलायचे, आणि तेवढ्यावर मी मनातल्या मनात बरंच काही रचून ठेवलं होतं.

एके दिवशी ते इंग्रजीत लिहिलेला एक कागद घेऊन आले.

"बाई, लहानपणी आजोळी म्हापशाला पोर्तुगीज शाळेत होता ना तुम्ही? एवढं पोर्तुगीजमध्ये करून द्याल?"

पत्र दवाखान्यातल्या गोव्याच्या नर्सच्या वडिलांना होतं. त्यांना कोकणी आणि पोर्तुगीजच वाचता येई. आणि मागणीचं पत्र खुद्द मुलीकडूनच लिहून घेणं सरांना बरं दिसेना. ती नर्स आईला इंजेक्शन द्यायला आमच्या घरी यायची. आई तिच्या हलक्या हाताचं कौतुक करायची. ते आठवलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"देते की," मी म्हणाले.

घरी लिहायला बसले. पत्रातलं मुख्य वाक्य 'आस्क' या क्रियापदावर उभं होतं. इंग्रजीत प्रश्न विचारला तरी आस्क आणि काही मागितलं तरी आस्क. पोर्तुगीजला मात्र मराठीसारखे दोन शब्द लागतात. विचारणं म्हणजे 'पेर्गुंतार', मागणं म्हणजे 'पेदिर'. इथे पेदिरच हवं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी पेर्गुंतार लिहिलं. 'तुमच्या मुलीला मागणी घालतो'चं 'तुमच्या मुलीची विचारपूस करतो' झालं. पुढचं सगळं, सरांची नोकरी, राहात्याची शेती, जसंच्या तसं ठेवलं.

वाटलं, म्हातारा पत्र फेकून देईल. दहा-बारा दिवसांनी म्हातारा स्वतःच शाळेच्या दारात उभा राहिला. मला वर्गातून बोलावलं. व्हरांड्यात सर होते, नर्स रडून लाल झाली होती, आणि दोन दिवस गाड्या बदलत आलेल्या त्या माणसाच्या कोटावर धूळ होती.

"बाय, हे तू लिहिलंस?" त्यांनी पोर्तुगीजमध्ये विचारलं.

"हो."

"मुलगी याच्याच गावात, आणि हा परका माणूस तिची खुशाली मला विचारतो! मला वाटलं, ती इथं नाहीच. वाटेत घास उतरला नाही माझ्या घशाखाली."

"ते विचारत नाहीयेत, मागताहेत. चूक माझी आहे."

त्यांनी पत्र पुन्हा वाचलं. "बाकी कुठं चुकली नाहीस," ते म्हणाले. मग सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, बराच वेळ.

"काय म्हणताहेत, बाई?" सरांनी घाईनं विचारलं.

मी काही बोलायच्या आत म्हाताऱ्यानं कागदाची घडी करून खिशात घातली. "मुलीला सांगणार नाही मी," ते हळूच मला म्हणाले. "आता हा काय मागतो ते मला नीट सांग."

मी सांगितलं. शब्द न् शब्द, खरा.

नाताळनंतर लग्न झालं. "बाईंच्या पत्रानं जमलं हो हे," असं सर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. लोक माझ्याकडे बघून कौतुकानं हसत होते. मीही हसत होते, आणि माझी साडी तिच्या साडीपेक्षा चांगली आहे, एवढंच मनाशी घोकत होते.