गुलाबांखाली निजलेली कासवं

नोकरीतल्या कित्येक गुन्ह्यांचे तपशील आता पुसट झालेत, पण फेब्रुवारीतलं ते प्रकरण अजून मनातून हलत नाही. मावळातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळी पवनेच्या बाजूने धुकं यायचं आणि आवारातली जप्तीची वाहनं दहा वाजेपर्यंत नुसत्या सावल्यांसारखी दिसायची. अशाच एका सकाळी मुंबईच्या विमानतळावरून कस्टमच्या अधिकाऱ्यांचा फोन आला.

आमच्या हद्दीतल्या एका शेतकऱ्याचे गुलाब सिंगापूरला निघाले होते. तपासणीत चार खोकी बाकीच्यांपेक्षा जड भरली. उघडून पाहिली तर फुलांच्या थराखाली कापडात गुंडाळलेली जिवंत कासवं. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेली, परदेशात हौसेखातर चोरून विकत घेतली जाणारी ही जात. शीतगाडीतल्या गारव्याने ती गाढ निजली होती.

अधिकारी म्हणाले, "गाडीचं सील शाबूत आहे, नंबर कागदाशी जुळतो. म्हणजे हा माल शेतकऱ्याच्या शेडमध्येच भरलाय."

मलाही तसंच वाटलं. पॉलीहाउसचे मालक साठीचे, सारं गाव त्यांना आबा म्हणायचं. भातशेती सांभाळून त्यांनी गुलाब लावले होते. मी त्यांना बोलावून घेतलं आणि सकाळपासून दिवे लागेपर्यंत ठाण्याबाहेरच्या बाकावर बसवलं. बाजाराला जाणारा प्रत्येकजण वळून बघत होता.

"साहेब, मी कासव फकस्त विहिरीत बघितलंय," एवढंच ते म्हणत राहिले. तिकडे कस्टमने अडवलेली बाकीची फुलं तासातासाला माना टाकत होती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या शेडवर गेलो. बाहेर धुकं, आत पांढऱ्या प्लास्टिकमधून झिरपणारा उजेड आणि रांगाच्या रांगा कळ्या. ओल्या मातीत बुटांचाही आवाज होत नव्हता. क्षणभर मी इथे कशासाठी आलोय, हेच विसरलो. टोकाला ठाकरवाडीतल्या एक मावशी गुलाबाच्या गड्ड्या बांधत बसल्या होत्या. त्या चार खोक्यांचे पंचनाम्यातले फोटो मी त्यांना मोबाइलवर दाखवले.

"ह्या माझ्या गड्ड्या न्हाईत," त्या लगेच म्हणाल्या.

"कशावरून?"

"मी रबराला मधी पीळ देती, म्हंजी देठ दबत न्हाई. हितं पीळ कुटं हाय? अन् खालची पानं बी तशीच ठेवल्यात."

"सगळ्या गड्ड्या तुम्हीच बांधता?"

"व्हय. मी अन् माझी सून. तिला मीच शिकिवलंय."

म्हणजे सील लागल्यावर खोकी बदलली गेली होती आणि त्याच नंबरचं दुसरं सील कोणाकडे तरी होतं. सीलं आणि छापील खोकी आबांना क्लिअरिंग एजंटच्या कचेरीतून मिळायची. निर्यातीचे सगळे कागद तिथला एक कर्मचारी करायचा. त्याच्या आधी मी गाडीचालकाला बोलावलं. चार खोक्यांबद्दल तक्रार आहे, एवढंच त्याला सांगितलं आणि चहा दिला.

"कुटंच थांबलो न्हाई, साहेब. लोनावळ्यात धुकं लय हुतं. च्यासुदिक घेतला न्हाई."

थांबलास का, असं मी विचारलंच नव्हतं. खोटं बोलणाऱ्याला शांतता सोसत नाही, हा माझा अनुभव. मी पुढचा प्रश्न न विचारता जबाब लिहीत बसलो. तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. मग अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, "साहेब, जगली का ती?"

मी पेन खाली ठेवलं. "कोण?"

त्याच्या ध्यानात आलं. चेहरा पार उतरला. "एकानं मान भायेर काढून माज्याकडं बघितलं हुतं," तो म्हणाला. "तवापास्नं झोप न्हाई."

"सगळी जिवंत आहेत. वन विभागाकडे आहेत."

त्यावर तो ढसाढसा रडला आणि सगळं सांगून मोकळा झाला. एजंटकडच्या त्या कर्मचाऱ्याच्या सांगण्यावरून त्याने गाडी कुसगावातल्या एका भाड्याच्या बंगल्यावर नेली होती. तिथे सील कापून चार खोकी बदलली आणि त्याच नंबरचं दुसरं सील लावलं.

त्याच दुपारी पंचांसमक्ष आम्ही बंगला उघडला. मागच्या बंद खोलीच्या उबेत आबांचे गुलाब खोक्यांतून उमलून वर आले होते. सबंध खोली लाल झाली होती. मग हवालदाराने एक गड्डी उचलली. रबराला मधोमध पीळ होता. फळीवर एकेका नंबरची दोन-दोन सीलं सापडली. तो कर्मचारी दोन दिवसांत हाती लागला, आणि पुढे चालकासह त्याच्यावर दोषारोपपत्र गेलं.

आबांची फुलं मात्र वाया गेली ती गेलीच. मी साध्या कपड्यात त्यांच्या शेडवर गेलो आणि माझी चूक झाली असं म्हणालो.

कात्री बाजूला ठेवून ते म्हणाले, "हितं कशाला सांगताय, साहेब? मला बसवलं समद्यांच्या म्होरं. तितंच येऊन सांगा."

बाजाराच्या दिवशी मी गणवेशात गेलो. ठाण्यासमोरच्या चौकात आबांशेजारी उभा राहून, या माणसाचा गुन्ह्याशी काडीचा संबंध नाही, घाई मी केली, असं मोठ्याने सांगितलं. लोक पिशव्या खाली ठेवून ऐकत होते. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी कोणाही संशयिताला उघड्यावर बसवलं नाही. आकडा जुळला म्हणून निर्धास्तही झालो नाही. तो माल ज्यांच्या हातांखालून गेला, त्यांना आधी जाऊन विचारायचं, ही सवय मला तेव्हा लागली.

माझं बोलणं संपलं. आबांनी टोपी सारखी केली आणि काही विकत न घेता, सावकाश, बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले.