पालखीआधी आलेला फोन आणि ‘नोबिलिटी’

रविवारी माहेरी जत्रा होती. पेडण्यापासून आत, डोंगराला टेकलेलं आमचं गाव. पालखी उठायच्या बेतात होती आणि माझ्या पर्समध्ये दादाचा फोन वाजला...

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो सोवळ्यात होता, म्हणून फोन माझ्याकडे. पालखीचा पहिला खांदा आमच्या वरच्या घराचा, पिढ्यान्‌पिढ्या. खालच्या घराचं म्हणणं, तो मान मुळात त्यांचा. दोन्ही घरं वेगळ्या कुळांची, भांडण मात्र एकच. आणि एकदा सुटलेला खांदा परत मिळेल, याची खात्री कोणी देत नाही.

आदल्या संध्याकाळी या मानावरूनच माझं आणि दादाचं वाजलं होतं. हल्ली केरीच्या किनाऱ्यावरून पर्यटक देवळात येतात, त्यांच्यासाठी कमिटी इंग्रजी बोर्ड लावतेय. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, म्हणून मजकूर माझ्या गळ्यात. मानकरी घरांसाठी दादाला एकच शब्द हवा होता... ‘नोबिलिटी’.

मी सरळ नाही म्हटलं. इंग्रजीत हा शब्द राजाने किताब दिलेल्या घराण्यांसाठी आहे. आपल्याला कुठल्या राजाने काय दिलं? दुसरा वापर वागण्यातल्या मोठेपणासाठी, पण तो स्वतःबद्दल कोणी करत नाही. केला तर वाचणारा गालात हसतो.

“मागीर आमी कोण? पालखेचे हमाल?” दादा ताडकन म्हणाला. धड जेवलाही नाही.

तर फोन... पलीकडे दादाच्या मुलाची सासू, म्हापशाच्या हॉस्पिटलमधून. आमची सून तारखेच्या कितीतरी आधी बाळंत झाली होती. मुलगी. दोघी सुखरूप.

एवढी आनंदाची बातमी, आणि माझी नजर आधी पालखीकडे गेली. घरात मूल जन्मलं की सोयर लागतं, म्हणजे जन्माचं सुतक. त्या घराने देवाला शिवायचं नाही, पालखी तर दूरच. मी लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेली, मला ते लागत नाही. दादाला लागतं.

वहिनी शेजारीच आरतीचं ताट घेऊन उभी होती. माझा चेहरा बघून तिने खुणेने विचारलं, मी कानात सांगितलं. तिचे डोळे भरून आले... आणि लगेच तिने माझं मनगट धरलं.

“वन्सं, तांकां आतां सांगूं नाकात. पालखी उठूं दी. कानार पडूंक ना, म्हणजे सोयर ना.”

खोटं नव्हतं ते. बातमी कानावर पडली की सोयर, तोवर नाही... आमच्याकडे सगळे हेच मानतात. मी फोन बंद केला, पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली.

ढोल सुरू झाले. भटजींनी हाक दिली, “वरचें घर!” दादा पुढे झाला, खांद्यावरचा पंचा नीट केला. पलीकडे खालच्या घराचे पुरसोभाऊ हाताची घडी घालून उभे, दरवर्षीसारखे. नजर दादाच्या खांद्यावर.

खांदा द्यायच्या आधी आमच्या घरच्या बाईने आरती करायची असते. दादाने मागे वळून पाहिलं. मला गप्प राहायला सांगणाऱ्या वहिनीनेच ताट खाली ठेवलं होतं. तिच्या कानावर बातमी पडली होती ना... ती मान खाली घालून मंडपाबाहेर गेली.

बायकांत कुजबुज सुरू झाली. काहीतरी आहे हे दादाच्या लक्षात आलं होतं, मला दिसत होतं. तरी त्याने विचारायलाच हवं होतं असं नाही. वहिनीऐवजी आरती आमच्या काकीने केली असती, पालखी उठली असती, कोणी काही म्हटलं नसतं.

तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. “कोणाचो फोन गे, सुमन?”

“दादा, आधी पालखी...”

“फोन कोणाचो?” या वेळी मोठ्याने. ढोल थांबले.

विचारल्यावर खोटं बोलणं मला जमत नाही... सांगितलं.

“बाळ-बाळंतीण बरीं मगो?” “बरीं,” मी म्हटलं. त्याने क्षणभर डोळे मिटले. मग खांद्यावरचा पंचा काढला, पालखीपासून मागे सरला आणि लांबूनच म्हणाला, “पुरसो, आमकां सोयर आयलां. खांदो तुजो.”

ज्या मानासाठी पुरसोभाऊंचं आयुष्य गेलं तो समोर होता, आणि त्यांचे पाय हलेनात.

“तुज्या आज्यान दिवंक ना, बापायन दिवंक ना...” शेवटी ते म्हणाले, “नातीन दिलो रे! बारशाक भांगर हांव घालतलों तिका!”

बारशाला सोनं घालणार म्हटल्यावर लोक हसले. पुरसोभाऊंचा आवाज मात्र कापत होता. पालखी उठली... आणि दादा बाहेर उन्हात, वहिनीशेजारी हात जोडून उभा होता.

पुढच्या वर्षी खांदा परत मिळेल का? पुरसोभाऊंनी त्याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. दादानेही विचारलेलं नाही.

काल त्याचा फोन आला. नातीच्या नाकाचं सविस्तर वर्णन झाल्यावर म्हणाला, “तो शब्द बोर्डार नाका.” मी म्हटलं, घातलाच नव्हता.

पण तो शब्द आपण आपल्याबद्दल नाही, दुसऱ्याने वापरायचा असतो, हे मीच त्याला सुनावलं होतं. दादा फेसबुकवर नाही... म्हणून बोर्डावर नाही तर नाही, इथे त्याच्या नावापुढे तो मी लिहिते. नोबिलिटी.