चाळीस पहिली पानं

बोर्दोच्या नाटकगृहात मी एकवीस वर्षं आन्सेल्म तुर्वेयच्या शेजारी बसून व्हायोलिन वाजवलं. दोघांत स्वरलिपीची एकच वही, आणि पानं उलटायचं काम माझं. तो दारूची पिंपं बनवणाऱ्याचा मुलगा. वाजवायचा जीव ओतून, बोलायचा मात्र तिरकस.

उभ्या आयुष्यात त्याच्या सहाच रचना छापल्या गेल्या, त्याही एका पुस्तकात. खर्च मोर्वालच्या सरदारीणबाईंचा. त्यामुळे रिवाजाप्रमाणे पहिल्या पानावर बाईंचं नाव किताबांसकट बोटभर अक्षरांत, आणि खाली मुंगीएवढं आन्सेल्मचं.

"बाईंच्या घोड्याचं नाव राहिलं की रे!" मी चिडवायचो.

"घोड्याने खर्च केला असता तर तेही घातलं असतं."

मग क्रांती झाली. बाई परदेशी पळाल्या, आणि त्यांचं नाव घरात सापडणं म्हणजे मुंडकं गमावणं. एका सकाळी आमच्या गल्लीत झडती सुरू झाली. उरलेल्या चाळीस प्रती कवटाळून आन्सेल्म माझ्या खोलीत आला.

"गास्पार, बाईंचं नाव तेवढं काप. खालचं माझं राहू दे, पाया पडतो. मी झडतीवाल्यांना दारात बोलण्यात गुंतवतो."

कात्री पाच पावलांवर होती. पण जिन्यात बूट वाजले आणि माझी गाळण उडाली. चाळीसच्या चाळीस पहिली पानं मी फाडून चुलीत घातली.

"जीव तर वाचला ना?" मी नंतर म्हणालो.

"वाचला खरा," एवढंच तो बोलला. बिननावाच्या त्या प्रती पुढे रद्दीच्या भावात गेल्या.

पंधरा वर्षांनी, त्याची बोटं आखडल्यावर, पॅरिसहून आलेल्या एका तरुणाने त्यातली तिसरी रचना वाजवली. बायका डोळे पुसत होत्या. 'कर्ता अज्ञात,' असं त्याने जाहीर केलं. कार्यक्रम संपताच मी आन्सेल्मला ओढत त्याच्यापुढे नेलं.

"अहो, हाच तो कर्ता!"

तरुण हसला. "आजोबा, यांचं नाव यात कुठे आहे ते दाखवा, मी पाया पडेन." त्याने पुस्तक पुढे केलं. पहिल्या पानाच्या जागी मी फाडलेली वेडीवाकडी कड होती. लाज वाटली, आजही वाटते.

आन्सेल्मने वाकून आतल्या पानावर बोट ठेवलं. "इथला सूर चुकीचा वाजवलात."

"छापलाय तसाच वाजवला, आजोबा."

खरंच तसं छापलं होतं. छापणाऱ्याची चूक तेवढी शाबूत राहिली होती.