पिंजऱ्यातला तितर

पहाटेच्या गार वाऱ्यावर न्हावऱ्याच्या माळावरून तितराची हाक येते, आणि जी गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळत आलो ती उशाशी येऊन बसते. आधी एक कोरडी, तुटक हाक. मग पलीकडच्या बांधावरून तिला तितकंच चिडकं उत्तर. जणू दोन शेजारी पाटाच्या पाण्यावरून भांडताहेत. आता माळ तरी किती उरला आहे? ऊस आणि कांदा त्याला चहूबाजूंनी खात आला. उरल्या तुकड्यावर तितर आपला हक्क सांगतो, आणि माझी झोप जाते.

तितर कसा धरतात ते मला किसननं दाखवलं होतं. किसन फासेपारध्यांचा, माझ्याच वयाचा. आमच्या शेतापलीकडे त्याच्या आईचं, फुलाबाईचं पाल होतं. मी तेव्हा पुण्यात मानववंशशास्त्र शिकत होतो आणि अभ्यासासाठी त्या पालापुढे जाऊन बसायचो. किसन पाळलेल्या तितराचा पिंजरा माळावर ठेवी आणि भोवती फासे मांडी. पिंजऱ्यातला ओरडला की रानातला भांडायला धावून येई आणि अडके. "आतल्याला कळतं का रे, आपण काय करतोय ते?" मी विचारलं. किसन हसला. "त्येला काय? त्येला दाणं मिळत्यात."

आमच्या ग्रंथालयात साहेबांच्या राज्यातले जाडजूड ग्रंथ होते. कोणती जमात कुठे राहते, कोणता देव पुजते, तिच्या नाकाची रुंदी किती, कवटीचा घेर किती. मी ते भक्तिभावानं वाचले. पण ते लिहिले कुणासाठी होते? ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना अक्षर ओळखीचं नव्हतं, आणि ज्यांना वाचता येत होतं त्यांच्या कमरेला तुरुंगाच्या किल्ल्या होत्या. राज्य नुसत्या बंदुकीवर चालत नाही; माणसाला आधी नाव द्यावं लागतं, खण ठरवावा लागतो. कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, आणि त्या अन्यायाला शास्त्राचा साज चढवला तो अभ्यासकांनी. कवटी मोजणारा विद्वान आणि हजेरी घेणारा शिपाई एकाच वाटेनं वस्तीत आले.

मी मात्र स्वतःला वेगळा समजत होतो. साहेब गेले होते, तो कायदाही गेला होता, आणि मी तर मायेनं विचारत होतो. फुलाबाई थट्टा करायची, "दादा, फौजदार बी एवढं इचारत न्हाई. त्यो आपला मारून मोकळा हुतो."

एकदा तिनं देवीचं सांगितलं. वर्षातून एक दिवस नदीकाठच्या ठरलेल्या झाडाखाली सारं कूळ जमतं. जो येत नाही तो कुळातून तुटतो. म्हणून लपूनछपून फिरणारेही त्या दिवशी येतात. कुणाला सांगू नका, असं ती म्हणाली नाही. तशी गरज तिला वाटली नसावी.

पुढे दौंडच्या विश्रामगृहात, माझ्या सरांच्या ओळखीच्या एका पोलीस अधिकाऱ्यानं मला चहाला बोलावलं. "तुमचा अभ्यास दांडगा दिसतो," तो म्हणाला. "हे लोक कधी एकत्र जमतात का हो?" विद्यार्थ्याला याहून गोड प्रश्न कोणता? मी कुलदैवत सांगितलं, बहिष्कार सांगितला, दिवस सांगितला, झाड सांगितलं. त्यानं बिस्किटांची बशी माझ्यापुढे सरकवली. मी दोन खाल्ली.

देवीच्या दिवशी त्या झाडाला वेढा पडला. जुन्या चोऱ्यांसाठी माणसं हवी होती, ती मिळाली. किसनचं नाव कुठल्याच तक्रारीत नव्हतं; तरी त्यालाही धरून नेलं, आणि तो परतला तो एक पाय ओढत. जागा कुणी दाखवली, याचा न्याय कुळाच्या पंचायतीनं केला. आळ आला फुलाबाईचा दीर लखन याच्यावर, कारण तो दौंडला हमाली करायचा आणि पोलिसांच्या नजरेसमोर असायचा. त्याला कुळाबाहेर काढलं. शिरूरच्या बाजूला कुठेतरी तो एकटाच मेला. खांदा द्यायला आपलं माणूस नव्हतं.

मला पदवी मिळाली, नोकरी मिळाली, मान मिळाला. केस पिकल्यावर एकदा धीर करून फुलाबाईकडे गेलो. दौंडला रुळांपलीकडे ती पत्र्याच्या खोलीत राहत होती. "बसा दादा. आता काय इचारायचं राह्यलंय?" म्हणत तिनं चहा टाकला. मग स्वतःहूनच म्हणाली, "घरचाच फितूर झाला, दादा. परका कशाला आसलं करंल?" वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी विचारलं, "गुडघे कसे आहेत?" चहा संपवला आणि निघालो. पुन्हा गेलो तेव्हा त्या खोलीत दुसरंच बिऱ्हाड होतं.

पिंजऱ्यातल्या तितराला काही कळत नाही, असं मी पुष्कळ दिवस मानत आलो. त्यात माझी सोय होती. पण तितराला निदान पिंजरा तरी असतो. माझं दार उघडं होतं.

आज पहाटेही तो ओरडला. बांधावर उभा राहून मी मोकळ्या माळाला मोठ्यानं ऐकवलं, जे त्या दिवशी तिच्या चुलीपुढे बोलायला हवं होतं: फुलाबाई, लखननं काही सांगितलं नव्हतं. सांगितलं मी. मला माफ करा.