राखेतली पांढरी फुलं

जळालेल्या पाल्यावर पाणी पडलं की त्या वासानं मला बोदलकसा तलावाजवळची ती खडकाळ टेकडी आठवते. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो; तिथल्या कपारीत मला पांढऱ्या फुलांचा एक रानकांदा सापडला होता, कुठल्याच पुस्तकात नसलेला. नव्या जातीचं वर्णन करायचं तर रोप कांद्यासकट उपटून, दाबून, वाळवून ठेवावं लागतं. खूप शोधूनही दुसरं मिळेना, म्हणून मी तेच उपटलं. मोहफुलं वेचणारी एक काकी बघत होती. "एकच होता, काऊन उपटला जी?" "त्याला नाव द्यायचं आहे." "मारून नाव देता? वा रे मास्तर!" मी हसण्यावारी नेलं, पण ते वाक्य मनातून जाईना, त्या वाळलेल्या रोपाकडे बघताना मान खाली जायची. पुढच्या उन्हाळ्यात, फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून गावकरी मोहाखालचा पाला जाळत असताना आग टेकडीवर चढली. आता उरलंसुरलंही संपलं, असं धरून मी अवकाळी सरीनंतर वर गेलो, तर काळ्या राखेतून पायथ्यापासून माथ्यापर्यंत तीच पांढरी फुलं! पाय ठेवायला जागा नव्हती. जमिनीत दडलेले कांदे जणू आगीचीच वाट पाहत होते. मी वेड्यासारखा ओरडलो, तशी काकी टोपली टाकून वर आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पाहून राहिले ना मास्तर? आमी पेटवलं तं फुललं, तुमी उपटलं तं सुकलं!" आम्ही दोघंही खूप हसलो. आता त्या जातीचं वर्णन छापून आलंय, 'आगीनंतर बहरते' या नोंदीसह. ते वाळलेलं रोप कपाटात आहे, आणि आता मी त्याच्याकडे मान वर करून बघू शकतो.