न निजलेलं सूत

आमच्या म्हसवडच्या चुलत्यानं लोकर कातताना दिलेला पीळ असा, की त्याच्या सुतावरून मुंगी चालली तर तिला घेरी यावी. हे मी कमी करूनच सांगतोय. बहात्तरच्या दुष्काळात घोंगडी कोण घेणार? चुलता खडी फोडायला जाऊ लागला. आणखी वर्षभर हातोडा धरला तर बोटं सूत ओळखायची नाहीत, एवढंच तो म्हणायचा.

अशात सांगलीचा एक व्यापारी आला. त्याला गालिच्यासाठी कुरळं सूत हवं होतं. एक पदर ताणून धरायचा, दुसरा करकचून पिळून त्याच्यावर सैल सोडायचा, म्हणजे तो जावळासारखा वळ्यावळ्यांनी उभा राहतो. पहिला गालिचा एक पावसाळा नीट राहिला, तर बारमाही काम देईन, म्हणाला.

चुलत्यानं सूत काढलं. लड्या दोरीवर टांगल्या, तर वारा नसताना त्या आपोआप वळवळायला लागल्या. आमचं कुत्रं ओसरी सोडून गेलं ते आठ दिवस घरात आलं नाही. चुलती लांबूनच बघत म्हणाली, "आवं, सूत निजलं न्हाई अजून. वाफ द्या त्येला, म्हंजी पीळ बसंल."

वाफेला हंडेच्या हंडे पाणी लागतं. आमच्या विहिरीत तेव्हा बेडूकसुद्धा घोटाघोटानं प्यायचे. मी शहाणपणा केला. म्हटलं, घोंगडीला चिंचोक्याची खळ लावतोच की, ह्या सुतालाही लावू. चुलत्यानं लडीवरून बोट फिरवलं आणि होकाराची मान हलवली. खळ वाळली तसं सूत गप्प झालं. इतकं गप्प, की मलाच ते आवडेना.

आमच्या माण तालुक्याच्या कोरड्या हवेत ते महिनोन्‌महिने हललं नाही. चुलत्यानं त्याचा गालिचा विणला आणि तो सांगलीला गेला. पुढच्या आषाढात कृष्णा फुगली आणि व्यापाऱ्याचा निरोप आला, ताबडतोब या.

त्याच्या बैठकीत भिंतींना ओल फुटली होती. खळ सुटली होती, आणि आत कोंडलेला सगळा पीळ जागा झाला होता. गालिच्याचे चारी कोपरे वर उठलेले, मध्ये लोकरीच्या गाठी एकमेकींना आवळून बसलेल्या. चुलत्यानं एका कोपऱ्यावर पाय दाबून धरला. पाय काढला, तसा कोपरा सावकाश परत उठला.

व्यापारी ओरडला नाही. वाफ न देण्याची अक्कल कुणाची, एवढंच त्यानं हळू आवाजात विचारलं. जन्मभर थापा मारणारा मी, त्या वेळी खरं एक वाक्य तोंडातून निघेना.

"माजी," चुलता म्हणाला. "पोराला मीच सांगितलं खळ लाव म्हून."

एसटीनं परत आलो. घरी चुलतीनं विचारलं, काय म्हणाला व्यापारी.

"पाऊस लय हाय तिकडं," चुलता म्हणाला, आणि हातोड्याला नवा दांडा बसवायला घेतला.